‘रिआलपोलिटिक’ : हरलेल्यांचा शब्द, जिंकणाऱ्यांच्या ओठी

विशेष प्रतिनिधी

‘राष्ट्रहित’, ‘व्यवहार’, ‘वास्तव’ हे शब्द उच्चारले की पुढची चर्चा थांबते, असा आपल्याकडे प्रघात पडू लागला आहे. या साऱ्यांच्या मागे उभा असलेला मूळ जर्मन शब्द म्हणजे ‘रिआलपोलिटिक’. तत्त्वे खुंटीला टांगून स्वार्थ साधण्याची कला, असा त्याचा रूढ अर्थ. मात्र ज्याने हा शब्द घडवला, त्याला नेमके हेच म्हणायचे होते का?

दि. १० ऑक्टोबर २०२५ रोजी नवी दिल्लीत घडलेला एक प्रसंग अनेकांच्या स्मरणात असेल. अफगाणिस्तानातील तालिबान राजवटीचे परराष्ट्रमंत्री अमीर खान मुत्तकी भारताच्या दौऱ्यावर आले होते. त्याच दिवशी परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांच्याशी त्यांची चर्चा झाली आणि काबूलमधील भारताच्या तांत्रिक पथकाला पुन्हा दूतावासाचा दर्जा देण्याची घोषणाही झाली. त्यानंतर मुत्तकी यांनी अफगाणिस्तानच्या दूतावासात पत्रकार परिषद घेतली. तिथे एकाही महिला पत्रकाराला प्रवेश मिळाला नाही. देशाच्या राजधानीत हे घडल्याने साहजिकच गदारोळ उडाला. या पत्रकार परिषदेच्या आयोजनाशी आपला संबंध नव्हता, असा खुलासा परराष्ट्र मंत्रालयाला करावा लागला. दोनच दिवसांनी मुत्तकी यांनी पुन्हा पत्रकार परिषद बोलावली. या वेळी महिला पत्रकारांना निमंत्रण होते, आणि त्यांनी समोर बसून मुलींच्या शिक्षणाविषयी थेट प्रश्न विचारले.

या प्रसंगावर जी चर्चा झाली तिचे दोन तट पडले. एका तटाच्या मते भारताने तत्त्व विकले. दुसऱ्या तटाचे म्हणणे असे, की पाकिस्तान आणि तालिबान यांच्यात वितुष्ट आलेले असताना काबूलचे दार ठोठावणे हेच शहाणपण. यालाच ‘रिआलपोलिटिक’ म्हणतात, आणि त्यात भावनेला जागा नसते. वाद तिथेच संपला. एका परकीय शब्दाने पूर्णविरामाचे काम केले. म्हणूनच या शब्दाची थोडी झाडाझडती घेणे आवश्यक ठरते.

मतलब आणि स्वार्थ

मराठीत या शब्दाला सर्वमान्य प्रतिशब्द नाही. अभ्यासक ‘वास्तववादी राजकारण’ म्हणतात, वृत्तपत्रे ‘व्यवहारवाद’ लिहितात, आणि चावडीवरचा माणूस सरळ ‘मतलबाचे राजकारण’ म्हणून मोकळा होतो. यातला ‘मतलब’ हा शब्द स्वतःच मोठा बोलका आहे. अरबीतून फारसीमार्गे तो आपल्याकडे आला. ‘तलब’ ज्या धातूपासून झाला त्याचेच हे भावंड. जे मागितले, ज्याचा शोध घेतला ते, असा त्याचा मूळ अर्थ. हिंदीत त्याला ‘अर्थ’ किंवा ‘आशय’ ही छटा आली. मराठीत मात्र त्याची घसरण झाली आणि ‘मतलबी’ ही चक्क शिवी ठरली. ‘स्वार्थ’ या संस्कृत शब्दाचे नशीबही फारसे वेगळे नाही. ‘अर्थ’ म्हणजे प्रयोजन, आणि चार पुरुषार्थांत त्याला मानाचे स्थान. पण त्याच्यामागे ‘स्व’ लागला की तोच संशयास्पद होतो.

स्वहिताविषयी बोलणारे शब्द असे हळूहळू मलिन होत जातात. ‘रिआलपोलिटिक’चा प्रवास मात्र अधिक चमत्कारिक आहे. टीकाकारांच्या तोंडी तो शिवीसारखा येतो, आणि सत्ताधाऱ्यांच्या समर्थकांच्या तोंडी प्रशस्तिपत्रकासारखा. दोघांनाही त्याचा एकच अर्थ मान्य असतो : तत्त्वांशी फारकत. वाद असतो तो ही फारकत चांगली की वाईट, एवढ्यापुरताच. प्रत्यक्षात हा शब्द जन्मला तेव्हा अशी फारकत त्यात अभिप्रेतच नव्हती.

एका पराभवाची चिकित्सा

हा शब्द बिस्मार्कचा, अशी अनेकांची समजूत असते. काहीजण तो मॅकियाव्हेलीपर्यंत मागे नेतात. खरे तर तो घडवला ऑगुस्ट लुडविग फॉन रोखाऊ या जर्मन पत्रकाराने, १८५३ साली. आणि हा रोखाऊ कोणा सम्राटाचा सल्लागार नव्हता. तो होता एक पराभूत उदारमतवादी.

त्याची कहाणी थोडक्यात सांगायला हवी, कारण तिच्याशिवाय शब्दाचा अर्थ लागत नाही. त्या काळी जर्मनी नावाचा एक देश अस्तित्वात नव्हता. प्रशिया आणि ऑस्ट्रिया ही दोन मोठी राज्ये आणि भोवती लहानमोठ्या संस्थानांचा पसारा, असे चित्र होते. जर्मनी एक व्हावा आणि त्याला संविधान मिळावे, या ध्येयाने तरुण पिढी भारावलेली होती. एप्रिल १८३३ मध्ये अशा काही तरुणांनी फ्रँकफर्टमधील पहाऱ्याच्या चौक्यांवर हल्ला चढवला. यातून देशभर उठाव होईल, अशी त्यांची कल्पना होती. उठाव झाला नाही. तरुण मात्र पकडले गेले. २२ वर्षांचा रोखाऊ त्यांपैकी एक. त्याला जन्मठेपेची शिक्षा झाली. तुरुंगातून निसटून तो फ्रान्सला गेला आणि वृत्तपत्रांत लिहून पोट भरत त्याने परागंदा अवस्थेत वर्षे काढली.

१८४८ मध्ये युरोपभर क्रांतीची लाट उसळली, तेव्हा तो मायदेशी परतला. त्या वर्षीच्या मे महिन्यात फ्रँकफर्टच्या सेंट पॉल चर्चमध्ये जर्मनांची पहिली निर्वाचित राष्ट्रीय सभा भरली. प्राध्यापक, वकील, न्यायाधीश अशा विद्वान मंडळींचा तिच्यात भरणा होता. या सभेने नागरिकांच्या मूलभूत हक्कांची सनद तयार केली, संविधान लिहिले, आणि एप्रिल १८४९ मध्ये प्रशियाचा राजा फ्रेडरिक विल्यम चौथा याला जर्मनीचा मुकुट देऊ केला. राजाने तो नाकारला. प्रजेच्या प्रतिनिधींच्या हातून मुकुट घेणे त्याला कमीपणाचे वाटले. सभेजवळ सैन्य नव्हते, खजिना नव्हता, प्रशासन नव्हते. काही आठवड्यांत ती मोडली. संविधानासाठी ठिकठिकाणी उठलेले लोक प्रशियाच्या फौजेने चिरडले. जगातील एक उत्तम संविधान कागदावरच राहिले.

या पराभवानंतर चार वर्षांनी रोखाऊने ‘ग्रुंडझेट्झे डेर रिआलपोलिटिक’, म्हणजे ‘रिआलपोलिटिकची मूलतत्त्वे’, हे पुस्तक लिहिले. त्याच्या उपशीर्षकात जर्मनीच्या राजकीय परिस्थितीचा उल्लेख आहे. याचा अर्थ असा, की आज ज्या शब्दाला आपण परराष्ट्र धोरणाच्या खात्यात टाकतो, तो मुळात घरच्या राजकारणाविषयी होता. स्वातंत्र्य आणि ऐक्य ही उदात्त उद्दिष्टे हरली का, या प्रश्नाच्या उत्तरादाखल होता.

शब्दाची फोड

‘रिआल’चे मूळ लॅटिनमधील वस्तुवाचक शब्दात आहे. जे प्रत्यक्ष आहे, हाताला लागते, ते. ‘पोलिटिक’ या जर्मन शब्दात राजकारण आणि धोरण हे दोन्ही अर्थ सामावतात. वस्तुस्थितीवर बेतलेले राजकारण, असा त्याचा सरळ अर्थ. प्रश्न उरतो तो वस्तुस्थिती कशाला म्हणायचे याचा, आणि रोखाऊचे खरे योगदान याच ठिकाणी आहे.

त्याचे पहिले प्रतिपादन कठोर आहे. गुरुत्वाकर्षण जसे भौतिक जगाचे नियमन करते, तसे बळ राजकीय जगाचे नियमन करते, असे तो मानतो. केवळ न्याय्य आहे म्हणून एखादी गोष्ट घडत नाही. संविधान चांगले लिहिले म्हणून ते टिकत नाही. ते टिकवणारी शक्ती समाजात असावी लागते. फ्रँकफर्टच्या विद्वानांनी हवेत इमले बांधले, आणि पहिल्याच वाऱ्यात ते कोसळले. आपल्याच सहप्रवाशांना त्याने दिलेली ही कानउघाडणी होती.

इथपर्यंतचा रोखाऊ सर्वांना सोयीचा वाटतो. त्याचे दुसरे प्रतिपादन मात्र विसरले गेले. बळ म्हणजे केवळ तोफा, सैन्य आणि तिजोरी नव्हे, असे त्याने तितक्याच ठामपणे सांगितले. मध्यमवर्गाची जागी झालेली अस्मिता, स्वातंत्र्याची कल्पना, राष्ट्रभावना, समतेची आकांक्षा, राजकीय पक्ष आणि वृत्तपत्रे याही त्याच्या मते खऱ्याखुऱ्या शक्ती होत्या. राजाला त्या आवडोत वा न आवडोत, त्यांची नोंद हिशेबात घ्यावीच लागेल. जो राज्यकर्ता त्यांना किरकोळ भावना समजून उडवून लावतो, तोही फ्रँकफर्टच्या प्राध्यापकांइतकाच हवेत इमले बांधत असतो. रोखाऊच्या दृष्टीने कल्पनेच्या खरेपणाची कसोटी अशी, की किती माणसे तिच्यासाठी झिजायला तयार आहेत. तेवढी माणसे असतील, तर ती कल्पनाही दगडाइतकीच वास्तव.

थोडक्यात, आदर्श सोडा असे त्याने सांगितले नाही. आदर्शांना बळाची जोड द्या, आणि बळाच्या यादीत आदर्शांचीही मोजदाद करा, असे त्याचे म्हणणे होते. १८६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या भागात हे त्याला पुन्हा बजावावे लागले. तोवर शब्द बराच पुढे निघून गेला होता.

बिस्मार्कचा हिशेब

सप्टेंबर १८६२ मध्ये ऑटो फॉन बिस्मार्क प्रशियाचा मुख्यमंत्री झाला. सैन्यावरील खर्चाला प्रतिनिधिगृहाची मंजुरी मिळेना, तेव्हा त्याने मंजुरीविनाच कारभार हाकला. त्यानंतर आठ वर्षांत डेन्मार्क, ऑस्ट्रिया आणि फ्रान्स यांच्याशी तीन युद्धे झाली आणि १८७१ मध्ये जर्मनी एक झाला. जे फ्रँकफर्टच्या सभेला साधले नाही, ते तिच्या कट्टर विरोधकाने करून दाखवले. उदारमतवाद्यांची अवस्था मोठी अवघड झाली. ऑस्ट्रियाचा पराभव होताच, त्याच १८६६ साली, प्रतिनिधिगृहाने बिस्मार्कच्या बेकायदा खर्चाला मागाहून संमती दिली. यशापुढे तत्त्व नमले. स्वतः रोखाऊही ऐक्याच्या आनंदात त्याच प्रवाहात सामील झाला आणि १८७३ मध्ये मरण पावला.

हाइनरिख फॉन ट्राइच्के यासारख्या राष्ट्रवादी इतिहासकारांनी पुढे रोखाऊचा शब्द उचलला आणि त्यातली पहिली बाजू तेवढी ठेवली. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ब्रिटन आणि अमेरिकेत तो पोहोचला, तो जर्मन निष्ठुरपणाचे नाव म्हणून. शब्दाची दुसरी बाजू तोपर्यंत पार पुसली गेली होती.

वास्तविक बिस्मार्कची कारकीर्द नीट पाहिली तर रोखाऊच्या दोन्ही बाजूंची साक्ष मिळते. १८६६ मध्ये ऑस्ट्रियाचा पाडाव झाल्यावर व्हिएन्नापर्यंत धडक मारण्याचा सेनापतींचा आणि राजाचा आग्रह होता. बिस्मार्कने तो मोडून काढला. हरलेल्या ऑस्ट्रियाचा इंचभरही मुलूख त्याने प्रशियाला जोडला नाही. अपमानित शेजारी कायमचा शत्रू होतो, हे त्याने हिशेबात धरले होते. तेरा वर्षांत ऑस्ट्रिया जर्मनीचा मित्र झाला. उलट १८७१ मध्ये फ्रान्सचे अल्सास आणि लॉरेनचा काही भाग तोडून घेतला गेला, आणि फ्रेंचांच्या मनातली ती जखम १९१४ पर्यंत भळभळत राहिली. देशांतर्गतही तेच. समाजवादी चळवळ दडपण्यासाठी १८७८ मध्ये त्याने कायदा केला. बारा वर्षे तो कायदा राबवल्यावर १८९० च्या निवडणुकीत सर्वाधिक मते पडली ती समाजवाद्यांनाच, आणि त्याच वर्षी बिस्मार्कला पायउतार व्हावे लागले. जिथे त्याने माणसांच्या मनाचा हिशेब केला तिथे तो जिंकला. जिथे कल्पनांना क्षुल्लक मानले तिथे त्याचा अंदाज चुकला.

ढाक्याहून आलेली तार

विसाव्या शतकात हा शब्द ज्यांच्या नावाशी कायमचा जोडला गेला ते हेन्री किसिंजर. जर्मनीतील फ्युर्थ या गावी १९२३ मध्ये जन्मलेला हा ज्यू मुलगा नाझी राजवटीमुळे १९३८ मध्ये कुटुंबासह देश सोडून अमेरिकेत आला. मेटरनिख आणि बिस्मार्क हे त्यांच्या अभ्यासाचे विषय. राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार म्हणून जुलै १९७१ मध्ये ते पाकिस्तानमार्गे गुप्तपणे बीजिंगला गेले आणि पुढच्या फेब्रुवारीत निक्सन चीनमध्ये उतरले. सोव्हिएत संघाला शह देणारी ही खेळी आजही व्यवहारी मुत्सद्देगिरीचा नमुना म्हणून शिकवली जाते.

या खेळीची किंमत कोणी मोजली, हे भारतीय वाचकाला वेगळे सांगायला नको. पाकिस्तान हा चीनकडे जाणारा पूल असल्याने पूर्व पाकिस्तानातील नरसंहाराकडे वॉशिंग्टनने डोळेझाक केली. ढाक्यातील अमेरिकन वाणिज्यदूत आर्चर ब्लड आणि त्यांचे सहकारी यांनी ६ एप्रिल १९७१ रोजी आपल्याच सरकारचा निषेध करणारी तार पाठवली. ब्लड यांची तिथून बदली करण्यात आली. सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. डिसेंबरमध्ये युद्ध भडकल्यावर अमेरिकेने ‘एंटरप्राइझ’ ही विमानवाहू नौका बंगालच्या उपसागराकडे धाडली. तरीही १६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली आणि सुमारे ९३ हजार जण युद्धबंदी झाले.

वॉशिंग्टनच्या हिशेबात बीजिंग होते, मॉस्को होते, इस्लामाबाद होते. बंगाली माणसाचा निर्धार मात्र त्यात कुठेच नव्हता. म्हणजे जी शक्ती सर्वांत खरी ठरली, तीच ‘वास्तववादी’ यादीतून गळाली होती.

भारताने त्याच वर्षी जे केले ते मात्र रोखाऊच्या मूळ अर्थाच्या बरेच जवळ जाते. निर्वासितांचा प्रश्न आणि बांगलादेशींचा हक्क ही नैतिक बाजू भारताकडे होती, आणि पाकिस्तान दुबळा होण्यात भारताचा स्वार्थही उघड होता. पण नैतिक बाजूवर विसंबून दिल्लीने घाई केली नाही. ९ ऑगस्ट रोजी सोव्हिएत संघाशी मैत्री करार झाला. हिमालयातील खिंडी बर्फाने बंद होऊन चीनला हालचाल अवघड होईल, अशा ऋतूपर्यंत थांबण्यात आले. इंदिरा गांधी पाश्चात्त्य राजधान्यांत फिरून आल्या. ही तयारी किती आवश्यक होती, हे ७ डिसेंबरला दिसले. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत युद्धबंदी आणि सैन्यमाघारीचा ठराव १०४ विरुद्ध ११ मतांनी संमत झाला. भारत त्या अकरांमध्ये होता. न्याय्य बाजू असूनही जग पाठीशी उभे राहिले नाही. बळ नसते, तर ती बाजू फ्रँकफर्टच्या संविधानासारखी कागदावरच राहिली असती.

‘स्व’ कोणाचा?

व्यवहारी राजनीतीचा हा विचार आपल्याला परका नाही. म्हैसूर येथे आर. शामशास्त्री यांच्या हाती कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’ची पोथी आली आणि १९०९ मध्ये ती छापली गेली, पुढे मुंबई विद्यापीठाने र. पं. कंगले यांची चिकित्सक आवृत्ती तीन भागांत प्रसिद्ध केली. हेर, फितुरी, संधी, विग्रह यांची तपशीलवार चर्चा पाहून पाश्चात्त्य पंडित चकित झाले. मात्र याच ग्रंथात राजाचे हित प्रजेच्या योगक्षेमाहून वेगळे मानलेले नाही, ही गोष्ट चाणक्याचे नाव घेणारे क्वचितच सांगतात. आपल्याकडील ‘आज्ञापत्र’ हेही याच परंपरेतले. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात रामचंद्रपंत अमात्यांनी टोपीकरांविषयी दिलेला इशारा सर्वश्रुत आहे : हे इतर सावकारांसारखे नव्हेत, त्यांच्या व्यापारामागे राजसत्ता उभी आहे. तराजूमागची तलवार ओळखणे, हे खरे वास्तवाचे भान.

या परंपरेतून एक प्रश्न निघतो, आणि तो आजच्या चर्चेत बहुधा विचारला जात नाही. स्वार्थातला ‘स्व’ नेमका कोणाचा? रशियन तेलाचेच उदाहरण घेऊ. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेन युद्ध सुरू होण्यापूर्वी भारताच्या तेल आयातीत रशियाचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपास होता. २०२३ पर्यंत तो एक तृतीयांशाच्या वर गेला. गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक तेल आयात करणाऱ्या देशाने स्वस्त तेल नाकारावे, ही अपेक्षा अवाजवी होती. युरोप स्वतः रशियन वायू घेत असताना तर अधिकच. पण या स्वस्ताईचा किती वाटा रिफायनऱ्यांच्या नफ्यात गेला आणि किती पेट्रोल पंपावरच्या दुचाकीस्वारापर्यंत पोहोचला? ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने याच खरेदीचे कारण देऊन २५ टक्के जादा आयातशुल्क लादले आणि एकूण शुल्क ५० टक्क्यांवर नेले, तेव्हा त्याचा फटका तिरुपूरच्या कापड कामगाराला आणि मुंबई-सुरतच्या हिरे-दागिने व्यवसायाला बसला. धोरण चुकीचे होते, असा याचा अर्थ नव्हे. ‘राष्ट्रहित’ या एका शब्दाखाली लाभ कोणाचा आणि भार कोणावर, याचा हिशेब मांडला गेला पाहिजे, एवढाच याचा अर्थ.

हाच निकष घरच्या राजकारणालाही लागू होतो. महाराष्ट्राने २०१९ ते २०२३ या चार वर्षांत अनपेक्षित आघाड्या पाहिल्या, पक्ष फुटलेले पाहिले, आणि प्रत्येक वेळी ‘वास्तवाचे भान’ हेच कारण ऐकले. त्या वास्तवात आमदारांची संख्या होती, चिन्हे होती, खाती होती. मत देणाऱ्याच्या विश्वासाला त्या यादीत स्थान होते का, हा प्रश्न मतदार अजून विचारतो आहे.

पुन्हा काबूलकडे

आता मूळ प्रसंगाकडे वळू. काबूलशी संबंध ठेवण्यामागची कारणे भक्कम आहेत. सलमा धरण, संसद भवन, झारंज-देलाराम महामार्ग अशा कामांत भारताने अफगाणिस्तानात सुमारे तीन अब्ज डॉलर गुंतवले. डिसेंबर १९९९ मध्ये अपहृत विमान कंदाहारला उतरले, तेव्हा तिथल्या राजवटीशी आपला औपचारिक संबंधच नव्हता, आणि तीन दहशतवाद्यांना सोडून देण्याची नामुष्की ओढवली. तसा काळ पुन्हा येऊ नये म्हणून काबूलमध्ये आपली माणसे असणे इष्ट, हे कोणीही मान्य करील. मुत्तकी यांच्या दौऱ्यातही भारताने तालिबानला औपचारिक मान्यता दिली नाही, हेही नोंदवायला हवे.

परंतु अफगाणिस्तानात भारताचे बळ कशात होते, याचाही विचार व्हावा. ते सैन्यात नव्हते. ते होते तिथल्या शिकलेल्या पिढीच्या मनात, आणि त्या पिढीतले अनेक जण पुण्याच्या महाविद्यालयांत शिकून गेले होते. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल पडल्यावर भारताने देशाबाहेर असलेल्या अफगाण नागरिकांचे आधी दिलेले व्हिसा रद्द ठरवले. सुट्टीसाठी घरी गेलेले विद्यार्थी अडकून पडले. सुरक्षेचे कारण समजण्याजोगे होते. तरीही दोन दशकांत कमावलेल्या या सदिच्छेची त्या हिशेबात किती किंमत धरली गेली? डिसेंबर २०२२ मध्ये तालिबानने मुलींना विद्यापीठाची दारे बंद केली. शिकू पाहणाऱ्या त्या मुली उद्याच्या अफगाणिस्तानातील एक शक्ती आहेत, असे मानणे हा भाबडेपणा आहे की दूरदृष्टी? बंगाली माणसाच्या निर्धाराला १९७१ मध्ये वॉशिंग्टननेही भाबडेपणाच्याच खात्यात टाकले होते.

आणि सर्वांत महत्त्वाचा धडा त्या दोन दिवसांतच मिळाला होता. १० ऑक्टोबरला महिलांना दाराबाहेर ठेवणारे मंत्री १२ ऑक्टोबरला त्यांच्या प्रश्नांना उत्तरे देत होते. या बदलासाठी सैन्य हलले नाही, निर्बंध लादले गेले नाहीत. पत्रकारांच्या संघटना बोलल्या, विरोधी पक्ष बोलले, सामान्य वाचक बोलले, आणि ज्या राजवटीशी व्यवहार करताना तत्त्वांचा आग्रह अव्यवहार्य ठरवला जात होता, तीच राजवट किमान दिल्लीत तरी एक पाऊल मागे सरली. वृत्तपत्रे आणि जनमत यांना रोखाऊने १८५३ मध्ये बळाच्या यादीत का घातले होते, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधून सापडणार नाही.

त्या दोन दिवसांनी काबूलमधील एकाही मुलीची शाळा उघडली नाही, हे खरे. तेवढा दम त्या दबावात नव्हता. पण दूतावास उघडणे आणि मुलींच्या शाळेचा विषय लावून धरणे या परस्परविरोधी गोष्टी आहेत, असे मानण्याचे कारणही त्यातून उरले नाही. दूतावास पुन्हा सुरू करताना भारताने मुलींच्या शिक्षणाविषयी काय मागितले आणि काय पदरात पडले, हे विचारण्याचा अधिकार नागरिकाला आहे. त्याचे उत्तर ‘हे रिआलपोलिटिक आहे’ असे मिळाले, तर उत्तर देणाऱ्याने हिशेब अर्धाच मांडला आहे, असे खुशाल समजावे. हरलेल्या त्या पत्रकाराने हा शब्द पूर्ण हिशेबासाठी घडवला होता.